परसातील कोंबड्या आणि आंबवलेला भरडा

आमच्या आईच्या हाती स्वतःचा म्हणावा असा पैसा केवळ अंड्यांचा येई; म्हणून, विद्यार्थी मित्रहो, हा विषय आम्हांस क्षुल्लक वाटत नाही. ज्वारीचा वा मक्याचा भरडा मातीच्या भांड्यात, वर दोन बोटे पाणी राहील असा भिजवावा, रोज ढवळावा. दोन-तीन दिवसांत लॅक्टिक आम्ल निर्माण करणाऱ्या जीवाणूंमुळे त्यास ताकासारखा आंबूस वास येतो. फायटिक आम्लात अडकलेला फॉस्फरस काहीसा मोकळा होऊन कोंबडीच्या अंगी लागतो. मात्र हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसताच सर्व भरडा पुरून टाकावा. भूमिहीन घरात धान्य टाकणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. परंतु अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आंबवून वा शिजवूनही पुरते जात नाही. ते कोंबडीचे यकृत पोखरते. चांगला भरडा पाणी निथळून, तासाभरात संपेल इतकाच घालावा.