खेळाचा अतिरिक्त कार्यभार

मी विज्ञानाचा शिक्षक. भामरागड तालुक्यातल्या आश्रमशाळेत रुजू झालो त्याच आठवड्यात खेळाचा विभाग माझ्या नावे लागला. आदेशात लिहिलं होतं, ‘अतिरिक्त कार्यभार’. एका कपाटाची किल्ली, हवा गेलेले व्हॉलीबॉल आणि गेल्या वर्षीच्या प्रवेशिकांचा गठ्ठा एवढं ताब्यात मिळालं. तो अतिरिक्त कार्यभार अजून उतरलेला नाही, आणि आता उतरवा असं मीही म्हणत नाही. नवीन शिक्षक येतात, पहिल्या पावसाळ्यात गोंधळतात, मग खोलीवर येऊन बसतात. त्यांना चहासोबत जे सांगतो, ते इथे लिहून ठेवतो.

१. ‘जंगलातली पोरं, पळणारच’ हे मनातून काढून टाका.

बाहेरून येणारा प्रत्येक पाहुणा हे वाक्य ऐकवतो. ऐकायला कौतुकाचं वाटतं, म्हणून जास्त घातक. आमच्या गडचिरोली जिल्ह्यात सिकलसेल आहे. रक्तात ऑक्सिजन कमी पडला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोर हाडं-सांधे धरून तळमळतं. शरीरातलं पाणी कमी होणं, थंडी, दम काढणारी मेहनत ही त्याची निमित्तं. हिवाळ्यातल्या सकाळच्या सरावाला तिन्ही एकदम हजर असतात.

म्हणून आमच्याकडे निवड चाचणीच्या आधी रक्ताची चाचणी. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये संशय आला की पुढे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे मूल नुसतं वाहक आहे की रुग्ण, ते कळतं. वाहक मुलं खेळतात. पाणी आणि विश्रांती तेवढी मोजून द्यायची. रुग्ण असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या शब्दाशिवाय लांब पळवायचं नाही. आणि तापातून नुकत्याच उठलेल्या मुलाला कबड्डीत तर मुळीच उतरवू नका. हा मलेरियाचा तालुका आहे. मलेरियात प्लीहा सुजते, आणि सुजलेल्या प्लीहेवर गुडघा बसला तर जिवावर बेततं.

पण ‘तू खेळू नको’ एवढंच सांगून सुटू नका. नववीतला एक मुलगा सिकलसेलचा रुग्ण निघाला. त्याला खो-खोचा गुणतक्ता दिला. पहिले दोन दिवस तोंड पाडून बसला होता. मग एका सामन्यात पंचांनी बाद दिलेल्या मुलीचा क्रमांक चुकीचा पुकारला, आणि हा वही घेऊन थेट मैदानात गेला. पंचांनी वही पाहिली, निर्णय दुरुस्त केला. तेव्हापासून शिट्टी आणि स्टॉपवॉच त्याच्या गळ्यात असतात, आणि नियमांवरून वाद झाला की मुलं माझ्याकडे येत नाहीत, त्याच्याकडे जातात.

२. संघ मैदानावर नंतर हरतो, कागदावर आधी.

शालेय स्पर्धांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालचे. त्यासाठी जन्मतारीख लागते. आमच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये वाटेल ते पान उघडा, निम्म्या मुलांचा वाढदिवस १ जून. घरी जन्मलेल्या मुलाची तारीख कुणी लिहून ठेवलेली नसते. पहिलीत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने वर्ष धरलं आणि तारीख सोयीची टाकली. पुढे आधार कार्डावर १ जानेवारी आली, नावात ‘मडावी’चं ‘मडवी’ झालं, आणि सतरा वर्षांखालची चांगली पळणारी मुलगी दोन कागदांच्या मधे अडकली.

यावर इलाज एकच. ही कामं जूनमध्ये करा, स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात नाही. आठवीत आलेल्या प्रत्येक मुलाचं रजिस्टर, आधार आणि जन्मदाखला शेजारी शेजारी ठेवून एकदा वाचून काढा, खेळाडू असो वा नसो. कोण खेळाडू निघेल, ते तुम्हाला जूनमध्ये कळत नाही.

ऑनलाइन नोंदणीचं सांगायलाच नको. नेटवर्क असेल तेव्हा रात्री दोन वाजता उठा, पण शेवटच्या तारखेवर विसंबू नका.

३. वेळापत्रक पुण्याचं, पाऊस आपला.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य ही शालेय स्पर्धांची शिडी चढायची ती साधारण ऑगस्टपासून. नेमकी तेव्हाच पर्लकोटा फुगलेली असते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या भामरागडला भेटतात. इंद्रावती फुगली की ती बाकीच्यांचं पाणी पुढे जाऊ देत नाही, आणि पर्लकोटेवरच्या जुन्या ठेंगण्या पुलावर पाणी चढतं. मग भामरागड एका बाजूला, हेमलकसा आणि आलापल्लीचा रस्ता दुसऱ्या बाजूला. गडचिरोली इथून पावणेदोनशे किलोमीटर. तिथे सकाळी आठला हजेरी असेल, तर इथल्या संघाने दोन दिवस आधी निघालेलं बरं. वाटेतल्या नाल्यांनाही त्यांचं त्यांचं मत असतं.

दुसरी वाटही आहे, आणि ती आम्हाला जास्त मानवते. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांच्या वेगळ्या स्पर्धा होतात: आधी प्रकल्पस्तर, मग नागपूर विभाग, मग राज्य. भामरागडला स्वतंत्र प्रकल्प कार्यालय आहे, त्यामुळे पहिली पायरी तरी घराजवळ पडते. समोर हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाची आश्रमशाळा असते. बाबा आमटेंनी १९७३ च्या डिसेंबरात तो प्रकल्प सुरू केला, शाळा १९७६ ची. त्यांच्याशी गाठ पडली की आमची मुलं आदल्या रात्री झोपत नाहीत.

पावसाच्या दिवसांत सराव व्हरांड्यात घ्या. दोरीवरच्या उड्या, सूर्यनमस्कार, भिंतीला टेकून बसणं. कंटाळवाणं असतं, पण सप्टेंबरात मैदान सुकल्यावर फरक दिसतो.

४. एकाच खेळावर जीव लावायचा असेल, तर खो-खो.

क्रिकेटचं सामान एका हंगामात मोडतं आणि बावीस मुलांत चार जण खेळतात, बाकीचे उभे. खो-खोला दोन खांब आणि चुन्याची पिशवी पुरते. खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर, बारा जणांचा संघ, मैदानात नऊ. आठ जण पाटीवर एकाआड एक विरुद्ध तोंडाने बसलेले, नववा पाठलागावर. पळणाऱ्याला मधली पाटी ओलांडता येते, पाठलाग करणाऱ्याला नाही. सगळी गंमत या एका अन्यायात आहे. त्यामुळे एकटा वेगवान मुलगा काहीच करू शकत नाही, त्याने योग्य क्षणी बसलेल्याला उठवलं पाहिजे. वसतिगृहात एका खोलीत झोपणाऱ्या मुलांना हे शिकवावं लागत नाही. कोण कुठल्या पायावर वळतो, ते त्यांना ठाऊक असतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे. अंतिम सामना मुलांनी शिक्षकांच्या मोबाईलवर घोळका करून पाहिला. दुसऱ्या दिवशी पाचवीच्या पोरींनी चुन्याची वाट न बघता राखेने रेघा मारल्या होत्या.

५. मुलींच्या संघासाठी आधी बाईमाणूस शोधा, मग मैदान.

सोबत शिक्षिका किंवा अधीक्षिका नसेल तर मुलींचा संघ हलत नाही, हलवूही नये. ते पद रिकामं असलं की एका चांगल्या संघाचं वर्ष वाया जातं. हे मी पाहिलं आहे आणि अजून पचलेलं नाही.

दुसरी गोष्ट पाळीची. माडिया गावांत पाळीच्या दिवसांत बायका-मुली कुर्माघरात राहतात. वसतिगृहात ते नसलं तरी मुलीच्या मनात असतं. त्या दिवसांत ती सरावाला आली नाही, तर सर्वांसमोर कारण विचारू नका. आमच्या अधीक्षिकाबाईंनी साधी सोय केली. पॅड, जादा काळी पँट आणि वेदनेची गोळी असलेली एक पिशवी संघाच्या सामानात कायम जाते, आणि तिची जबाबदारी दहावीतल्या एका मुलीकडे. खेळायचं की नाही, ते ज्या त्या मुलीने ठरवायचं. बहुतेक जणी खेळतात.

आई-वडील खेळाला विरोध करतात, असा एक समज आहे. मला तसे फार कमी भेटले. एक बाप मोहफुलांच्या दिवसांत पोरीला न्यायला आला होता. म्हणाला, “गुरुजी, चार दिवस द्या न, मोह पडून रायला. मंग पळवा तिला किती पळवाचं ते.” चार दिवस दिले. पाचव्या दिवशी तोच सोडून गेला.

६. नवे बूट स्पर्धेच्या दिवशी घालू देऊ नका.

आयुष्यभर अनवाणी पळालेल्या पायाला नवा बूट फोड आणतो. महिनाभर आधी द्या, नाही तर अनवाणीच पळू द्या. नागपूरच्या मानकापूरला किंवा बल्लारपूरजवळ विसापूरला सिंथेटिक ट्रॅक आहे. त्यावर दुपारचं ऊन तळव्यांना चटका देतं, एवढं मात्र आधी सांगा.

७. स्नेहसंमेलनात रेला मुलांनाच बसवू द्या.

आपण पावलं मोजायला गेलो की नाच बिघडतो. वेळ तेवढी सांगायची. दहा मिनिटांत आटपा म्हटलं की पंचवीस होतात, हे धरूनच कार्यक्रमपत्रिका आखा, आणि प्रमुख पाहुण्यांचं भाषण आधी उरकून घ्या.

८. प्रमाणपत्रं शाळेत ठेवा.

इथल्या मुलाला पदकापेक्षा कागद जास्त उपयोगी. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. वनरक्षकाला मुलांना ५ किलोमीटर, मुलींना ३. आमच्या मैदानावर लांब पल्ल्याला गर्दी का होते, ते यात आलं. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं ‘मिशन शौर्य’मधून एव्हरेस्टवर पोचली, तेव्हा आमच्याकडे पहिला प्रश्न आला तो असा: “सर, त्याचं प्रमाणपत्र भरतीत चालते का जी?”

घरी नेलेला कागद पावसात भिजतो, वाळवी खाते, नाही तर छताच्या वाशात खोचला जातो. मूळ प्रमाणपत्र मुलाच्या नावाने प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये कपाटात ठेवा, छायाप्रत त्याला द्या. लॅमिनेशन करू नका, मागच्या बाजूला शिक्के मारायची वेळ येते. आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. ती भरतीची जाहिरात आल्यावर नव्हे, बारावीचा निकाल लागताच करून घ्यायला लावा. आणि कपाटाची दुसरी किल्ली कार्यालयात जमा ठेवा. तुमची बदली झाली तरी मुलं कागद मागायला इथेच येणार आहेत.