सगळंच महत्त्वाचं असेल, तर धंदा वाढणार कसा?

या आठवड्याच्या व्हिडिओत 'एकच मुख्य ध्येय' हा विषय घेतला. त्यातली आकडेमोड जरा घाईत झाली, म्हणून इथे सावकाश लिहून देतोय. वही-पेन घेऊन बसा.

रविवारच्या बॅचला आपल्या वाघोलीतल्याच एक ताई आल्या होत्या. भिशीचे 40 हजार रुपये घालून त्यांनी घरगुती डबे सुरू केले होते. दोन महिन्यांत त्यातले निम्मे पैसे संपले. मी सगळ्यांना ध्येयं लिहायला सांगितली. ताईंनी सात लिहिली: डबे, केक, दिवाळी फराळ, मसाले, इन्स्टाग्राम पेज, खराडीच्या ऑफिसांत डिलिव्हरी आणि स्वतःचं छोटं हॉटेल.

मी विचारलं, "ताई, यातलं पहिलं कोणतं?"

त्या म्हणाल्या, "सर, सगळीच महत्त्वाची आहेत. एक नाही चाललं तर दुसरं चालेल."

आपल्यापैकी बरेचजण असंच बोलतात. नवीन माणसाला वाटतं, जास्त कामं म्हणजे जास्त सुरक्षितता. पण हात दोन, शेगड्या दोन आणि दिवस एकच. मग होतं काय, एक ना धड भाराभर चिंध्या!

आता हिशोब मांडू

रात्रीचा एक डबा 80 रुपयांना. किराणा, भाजी, गॅस, पॅकिंग धरून खर्च 50. उरले 30. महिन्याचे 26 दिवस. डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार 9,000.

- 20 गिऱ्हाईकं: 15,600 वजा 9,000, हातात 6,600.
- 40 गिऱ्हाईकं: 31,200 वजा 9,000, हातात 22,200.

गिऱ्हाईकं दुप्पट झाली, पण हातात राहणारे पैसे तिपटीहून जास्त. का? कारण जवळजवळच्या सोसायट्यांत असतील तर 40 डबेही तोच मुलगा पोचवतो. पगार तेवढाच राहतो.

आता केकचं बघा. एका शनिवारी ताईंनी केकची ऑर्डर घेतली. नफा 250 रुपये. पण त्या नादात डबे तासभर उशिरा गेले आणि दोन गिऱ्हाईकं तुटली. एक गिऱ्हाईक म्हणजे महिन्याला 780 रुपये. दोघांचे 1,560. म्हणजे केकने अडीचशे दिले आणि दर महिन्याचे दीड हजार नेले. हे गणित वहीत मांडलं तेव्हा ताई गप्पच झाल्या.

आपल्याच गावातलं उदाहरण

नगर रोडने जाताना भारतीय जैन संघटनेचं शैक्षणिक संकुल तुम्ही पाहिलं असेल. ते इथे का आलं, माहीत आहे? 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-धाराशिव भागातली गावंच्या गावं कोसळली. तिथे करण्यासारखी शंभर कामं होती आणि सगळीच गरजेची होती. संघटनेचे संस्थापक शांतिलाल मुथ्था यांनी एक लांब पल्ल्याचं काम धरलं: भूकंपग्रस्त मुलांचं शिक्षण. सुमारे 1,200 मुलांना त्यांनी पुण्यात आणलं. त्यांचं राहणं, जेवण, शाळा अशी सगळी जबाबदारी घेतली आणि त्यासाठी वाघोलीचं केंद्र उभं राहिलं.

मुथ्था स्वतः बांधकाम व्यवसायातले. हे काम धंद्याचं नव्हतं, पण शिकण्यासारखी गोष्ट आहे. '1,200 मुलं शिकवायची' असं ठरलं की पुढचे प्रश्न आपोआप नेमके होतात: जागा किती लागेल, शिक्षक किती, स्वयंपाक किती जणांचा? 'भूकंपग्रस्तांना मदत करायची' एवढंच म्हटलं असतं, तर कुठून सुरुवात करायची हेच कळलं नसतं.

तुम्ही काय करायचं?

1. सगळी ध्येयं लिहा. प्रत्येकापुढे लिहा: हे जमलं तर बाकीचं सोपं होईल का? ताईंची 40 गिऱ्हाईकं झाली, तर फराळ आणि मसाल्याला घरबसल्या गिऱ्हाईक तयार. उलटं होत नाही.

2. ध्येयाला आकडा, जागा आणि तारीख द्या. 'डबे वाढवायचे' असं नको. 'तीन महिन्यांत केसनंद फाट्याच्या आसपास 40 कायमची गिऱ्हाईकं' असं हवं. संध्याकाळी नगर रोडच्या ट्रॅफिकमधून खराडीला डबा न्यायचा नाही, हेही त्यातच ठरलं.

3. बाकीची ध्येयं फेकू नका. 'नंतर' असं नाव देऊन वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा.

4. थांबायची रेषा आधीच आखा. तीन महिन्यांनी 25 च्या खाली असाल तर चव, भाव किंवा भाग बदला. एका ध्येयाला धरून राहणं म्हणजे डोळे मिटून तोटा सोसणं नव्हे.

ताईंनी 40 चा आकडा फ्रिजवर चिकटवलाय. मागच्या आठवड्यात 27 झाले, म्हणजे महिन्याचे 12,060 हातात. "केकला नाही म्हणताना फार जड जातं, सर," असं परवा म्हणाल्या. जाणारच! समोर आलेले पैसे सोडणं सोपं नसतं. म्हणूनच आकडा डोळ्यांसमोर लागतो.

आजचा गृहपाठ: तुमच्या धंद्यात एक कायमचं गिऱ्हाईक महिन्याला किती रुपये देतं, ते काढा. तो आकडा हातात आला की कोणत्या कामाला नाही म्हणायचं, हे तुमचं तुम्हालाच कळेल.