पाणी रंगहीन नाही

(गेटवेहून मांडव्याला निघालेली लाँच. सई नुकतीच लडाख पाहून आली आहे. तिच्या मावशीचं आयुष्य कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्यात गेलं.)

सई : मावशी, हा पँगाँगचा फोटो बघ आणि आता खाली बघ. तिथे निळंशार, इथे मातकट. आकाशाच्या प्रतिबिंबामुळे पाणी निळं दिसतं म्हणतात. पण आकाश तर इथेही निळंच आहे!

मावशी : मग म्हणणाऱ्यांचंच काहीतरी चुकत असेल. तुझा गॉगल पोलराइज्ड आहे ना? काढ. डोळ्यांसमोर धर आणि त्यातून पाण्याकडे तिरकं बघ. अगदी जवळ नको, जरा पुढे. आता भिंग हळूहळू गोल फिरव.

सई : अरेच्चा! आडवं धरलं की पाण्यावरची चकाकी जाते. उभं केलं की परत येते.

मावशी : ती चकाकी म्हणजे वरून परतलेला आकाशाचा उजेड. विशिष्ट कोनातून बघितलं की तो उजेड एकाच दिशेने कंप पावणारा असतो, आणि तुझं भिंग नेमका तोच अडवतं. चकाकी गेल्यावर पाण्याचा रंग गेला का?

सई : उलट जास्तच मातकट झालं. गाळ स्पष्ट दिसतोय.

मावशी : झालं तर. आकाश वजा केलं तरी रंग उरला, म्हणजे तो आतून येतोय. हाच प्रयोग १९२१ साली चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बोटीवर केला. गॉगलऐवजी त्यांच्याकडे निकोल प्रिझम होता. वय बत्तीस, पहिलाच परदेश प्रवास. येताना ‘नारकुंडा’ बोटीवरून भूमध्य समुद्राकडे बघत बसले. लॉर्ड रॅले यांचं मत होतं, की खोल समुद्राची निळाई म्हणजे फक्त आकाशाचं प्रतिबिंब. रामननी प्रिझम लावून प्रतिबिंब खोडलं, तर निळा रंग आणखी गडद झाला! ‘नेचर’ नियतकालिकाला पाठवलेल्या त्यांच्या पत्रावर तारीख आहे २६ सप्टेंबर आणि पत्ता आहे मुंबई बंदर, म्हणजे हेच पाणी. बोट धक्क्याला लागते न लागते तोच माणसाने लिहून टाकलं. याला म्हणतात खाज.

सई : पण आकाश निळं का, हे सांगणारे रॅलेच ना?

मावशी : तेच. आकाशाबद्दल बरोबर, समुद्राबद्दल चूक. रामननी पुढे पाण्याचे रेणू प्रकाश कसा विखुरतात याचा पिच्छा पुरवला. १९२८ चा रामन परिणाम आणि १९३० चं नोबेल हे त्याच वाटेवरचं. मात्र समुद्राच्या बाबतीत त्यांनी भर दिला तो विखुरण्यावर. ती अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी म्हणजे शोषण, आणि माझ्या मते तीच मोठी.

सई : म्हणजे पाणी प्रकाश पितं?

मावशी : तांबडा पितं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांचे बंध सतत थरथरत असतात. त्या थरथरीला लागणारी ऊर्जा मुख्यतः अवरक्त किरणांतून मिळते, पण तिच्या वरच्या पट्टीतले थोडे सूर दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापर्यंत पोचतात. त्यामुळे पाणी तांबडा किंचित खातं. किंचितच. पेलाभर पाण्यात हा फरक डोळ्याला कळणं शक्य नाही. पण मीटरभर शुद्ध पाण्यातून जाताना गडद तांबड्याचा जवळजवळ निम्मा भाग संपतो. दहा मीटरला तो नावापुरताही उरत नाही, आणि निळा मात्र नव्वद टक्क्यांच्या वर शाबूत असतो. तारकर्लीला स्कूबा करणाऱ्यांना विचार, खोल गेल्यावर लाल पोशाख कसा काळपट दिसतो.

सई : मग शाळेत ‘पाणी रंगहीन, गंधहीन, चवहीन’ हे काय घोकून घेतलं?

मावशी : पेल्यापुरतं ठीक आहे. खरं रंगहीन पाणी हवं असेल तर ते इथून फार लांब नाही. अलिबागजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे. त्या पाण्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम असतो. तो वजनाने दुप्पट, म्हणून थरथर मंद. त्यामुळे तांबड्यावर पडणारं शोषण सरकून पूर्ण अवरक्तात जातं. रासायनिकदृष्ट्या ते पाणीच, पण त्याला निळी छटा नाही. पाण्याचा रंग हायड्रोजनच्या थरथरीतून येतो, याला याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

सई : बरं, पण बर्फ म्हणजेही पाणीच ना? मग खारदुंगला पांढराशुभ्र बर्फ का होता?

मावशी : खडीसाखरेचा खडा आरपार दिसतो. तोच कुटला की पांढरी पूड. बर्फाचं तसंच. भुसभुशीत बर्फात असंख्य बारीक स्फटिक आणि मध्ये हवा. प्रकाश आत शिरला की दर कणाच्या कडेला वळतो, परततो, आणि थोड्याच अंतरात बाहेर पडतो. तांबडं खायला पाण्याला लागतो मीटरांचा प्रवास, तो इथे होतच नाही. सगळे रंग सारखेच परत येतात, म्हणून पांढरा. ताजा बर्फ आलेल्या उजेडातला ऐंशी ते नव्वद टक्के परत फेकतो. तिथे डोळ्यांना काळा चष्मा लावायला सांगतात तो यासाठी.

सई : पण पेन्सी ला खिंडीतून द्रांग-द्रुंग हिमनदी बघितली, तिच्या भेगा निळसर होत्या.

मावशी : कारण तिथला बर्फ जुना आणि दाबलेला. वर्षानुवर्षांच्या थरांच्या भाराने आतली हवा पिळून निघते, स्फटिक मोठे होतात, आणि प्रकाशाला लांबवर जाता येतं. ताज्या बर्फातही काठीने खोल, अरुंद भोक पाडलंस तर आत निळी झाक दिसते. तो उजेड बर्फातून बराच भटकून आलेला असतो.

सई : थोडक्यात, वाट लांब तर निळा.

मावशी : पाणी स्वच्छ असेल तर. पँगाँगसारखं. बाकी ठिकाणी पाण्यात काय आहे त्यावर सगळं अवलंबून. इथे खाड्यांतून गाळ येतो, आणि भरती-ओहोटी तो रोज ढवळते. शिवाय कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळट अंश निळा प्रकाश खातो. तांबडा पाणी खातं, निळा हा अंश खातो. मग उरणार काय? मातकट.

सई : आणि लोणार? ते तर गुलाबी झालं होतं.

मावशी : जून २०२० मध्ये. पाणी आटलं, खारटपणा वाढला, आणि मिठात फोफावणारे हॅलोआर्किया माजले. पुण्याच्या आघारकर संस्थेने नमुने तपासून हेच सांगितलं. पाऊस पडल्यावर रंग ओसरला. या जिवांत गाजरासारखी कॅरोटिन गटातली द्रव्यं असतात. बर्फालाही हा रोग होतो बरं का. उन्हाळ्यात जुन्या बर्फावर एक शेवाळ वाढतं, आणि बर्फ चक्क लाल दिसतो. त्यातलं द्रव्य अ‍ॅस्टाझँथिन. शिजवल्यावर कोळंबी लालसर होते ती त्याच द्रव्यामुळे.

सई : बर्फात कोळंबीचा रंग!

मावशी : हसू नकोस. लाल झालेला बर्फ ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. बर्फावर काजळी बसली तरी तेच होतं.

सई : पण एवढा रंगाचा अभ्यास करून उपयोग काय?

मावशी : कोळ्यांना विचार. वनस्पती-प्लवक वाढलं की त्यातलं हरितद्रव्य निळा आणि तांबडा खातं, पाणी हिरवट होतं. जिथे प्लवक तिथे मासळी येण्याची शक्यता जास्त. हा रंग अवकाशातून मोजायला इस्रोने १९९९ मध्ये ओशनसॅट-१ सोडला, आणि २०२२ मध्ये ओशनसॅट-३. ती मापं आणि समुद्राचं तापमान जुळवून हैदराबादची इन्कॉइस संस्था मासळी कुठे मिळू शकेल याचा सल्ला देते. तो आपल्या किनाऱ्यावरही पोचतो.

सई : आणि पावसाळ्यात? ढगांतून रंग कसा दिसणार?

मावशी : दिसत नाही. पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदच असते.