पोस्टर लागलं तेव्हा नवंकोरं होतं

कोल्हापूर

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं आजीचं पोस्टर पाहिलं, फोटोशॉपची फाइलही उघडून पाहिली. कडा जळक्या, मधोमध घडीची रेघ, सगळीकडे पिवळट डाग आणि त्यांच्याआड कुठेतरी आजी. खाली तुझा प्रश्न, "मामा, व्हिंटेज वाटतंय ना?" जुनाट वाटतंय, बाळ. पोस्टर नाही वाटत. फोनवर हे बोललो असतो तर "हो मामा, बघते मामा" करत तू विषय बदलला असतास. शिवाय आता तू पैसे घेऊन लोकांची अशी पोस्टरं करून देतेस असं ताई सांगत होती. म्हणून जरा बैजवार लिहितो.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. ही जुनी पोस्टरं भिंतीवर चिकटवली तेव्हा नवीकोरी होती. शाई ताजी, रंग भडक, कागद स्वच्छ. रस्त्यातून जाणाऱ्याने लांबूनच बघून थबकावं यासाठी ती केलेली. डाग, घड्या, वाळवीची भोकं हे त्या कागदांचं पुढचं नशीब; चित्रकाराने काही ते काढलेलं नाही. तुझा तयार इफेक्ट नेमकं ते नशीब तेवढं उचलतो आणि धडधाकट फोटोवर फासतो. खाली फोटो तसाच्या तसा राहतो.

मग त्या पोस्टरांचा ठसठशीतपणा आला कुठून? छपाईच्या अडचणीतून. शिळाछापात चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचं आणि दगड ओला करायचा. मोकळी जागा पाणी धरते, तेलकट जागा शाई धरते. पण एका दगडावर रंग एकच. दुसरा हवा तर दुसरा दगड, आणि कागद पुन्हा मशीनवर, बरोबर त्याच जागी. म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. आपल्याकडे १८९४ साली मुंबईत निघालेल्या आणि पुढे मळवलीला गेलेल्या रविवर्मा प्रेसने मार्ग धरला तो असा, की हुबेहूब तैलचित्र दिसावं म्हणून एकेका चित्रासाठी भरपूर दगड वापरायचे. पॅरिसच्या तुलूझ-लोत्रेकने बरोब्बर उलटं केलं. आरिस्तीद ब्रुआं नावाच्या गायकाचं त्याने १८९२ मध्ये केलेलं पोस्टर नेटवर मोठं करून बघ. अंगावरचा झगा हा गडद रंगाचा एकच मोठा आकार आहे, त्यात चुण्या जवळपास नाहीतच. गळ्यात लाल मफलर, डोक्यावर रुंद काठाची टोपी, चेहऱ्याला थोडक्याच रेषा. तरी गडी रस्त्याच्या पलीकडून ओळखू येतो. जे काढलं नाही त्यावर ते पोस्टर उभं आहे.

म्हणून आजीच्या पोस्टरला अट घाल: तीन शाया आणि कागदाचा रंग. बस्स. संगणकावर लाखो रंग फुकट मिळतात, त्यामुळे काही सोडायची वेळच येत नाही. अट घातलीस की प्रत्येक छटेपाशी थांबून ही ठेवू की टाकू हे ठरवावं लागेल.

बरं, व्हिंटेज म्हणजे कुठला काळ तेही आधी ठरव. आपल्या गावच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर केलं तो एक काळ. कोल्हापूरच्याच जी. कांबळ्यांनी 'मुघल-ए-आझम'चे भलेथोरले बॅनर रंगवले तो दुसरा. दिवाकर करकऱ्यांनी सत्तरच्या दशकात 'दीवार'सारख्या चित्रपटांच्या पोस्टरांवर रंगाचे जाड, रासवट फटकारे मारले, तो आणखी तिसरा. तू एकाच चौकटीत लोत्रेकचे सपाट रंग, करकऱ्यांचे फटकारे आणि अमेरिकन कॉमिक्सचे ठिपके कोंबले आहेस. त्या फटकाऱ्यांचं तर सोडूनच दे. चेहऱ्याचं हाड जसं वळतं तसा तो फटकारा वळतो. त्याला हातात रंगाची सुरी आणि डोळ्यांत चित्रकला लागते, फिल्टरला ते जमत नाही. आणि आजीच्या गालावर हिरवा पट्टा मला तरी बघवणार नाही.

आता कामाचं. मी ऑफसेट छापखान्यात होतो तेव्हा आमच्या कॅमेरा खात्यात लिथ फिल्म असायची. तिला करडं म्हणून काही कळायचंच नाही. एक तर काळं, नाहीतर मोकळं. एकाच फोटोच्या वेगवेगळ्या एक्स्पोजरने तीन फिल्म काढायच्या. एकीत फक्त दाट सावल्या, दुसरीत मधल्या छटांपर्यंतचं, तिसरीत लख्ख उजेड सोडून बाकी सगळं. प्रत्येकीची प्लेट वेगळी, शाई वेगळी. तुझ्या फोटोशॉपमधलं थ्रेशोल्ड म्हणजे हीच लिथ फिल्म. पण तू ती एकदाच वापरलीस, आणि पट्टी मुळात १२८ वर असते ती हलवलीसुद्धा नाहीस. आजीचा अर्धा चेहरा काळ्यात बुडाला तो त्यामुळे.

थ्रेशोल्डच्या आधी फोटो काळा-पांढरा करायचा असतो, आणि खरी मेख तिथे आहे. डीसॅच्युरेट दाबून मोकळी होऊ नकोस. चॅनेल्स उघड आणि रेड, ग्रीन, ब्लू एकेक करून बघ. आपली सावळी कातडी रेडमध्ये उजळ, गुळगुळीत दिसते. ब्लूमध्ये तीच काळवंडते, सुरकुती न् सुरकुती वर येते. म्हणून चेहऱ्याच्या सावल्या रेड किंवा ग्रीनमधून घे. मात्र रेडमध्ये आजीचं कुंकू जवळजवळ दिसेनासं होतं, कारण तिथे लालही उजळ आणि कातडीही उजळ. ग्रीनवर गेलीस की कुंकू ठसठशीत काळं उठतं; तेवढं तिथून उचल आणि वेगळ्या लेयरवर ठेव. हनुवटीवरचं हिरवट गोंदण उलट रेडमध्येच छान दिसतं. तासभर नुसती चॅनेल्स बघत बसलीस तरी चालेल, त्यात वेळ वाया जात नाही.

गोंदणावरून आठवलं. तुझ्या फाइलीत तळाच्या लेयरवर जो फोटो आहे तो तू आधी कुठल्याशा एआय अ‍ॅपमधून काढलेला दिसतो. त्या अ‍ॅपने गोंदण डाग समजून पुसलंय, नाक सरळ केलंय आणि डाव्या भुवईतला तो लहानपणीचा व्रण भरून टाकलाय. बाई देखणी झाली आहे, पण मी तिला ओळखत नाही. ज्याचं चित्र करायचं त्याच्या ओळखीच्या खुणाच आधी पुसल्या, तर पुढे कितीही कसब दाखवून काय उपयोग? मूळ फोटोवर ये.

काळा-पांढरा मनासारखा झाला की मीडियन फिल्टर हलकासा लाव, म्हणजे बारीक कचरा एकमेकांत मिसळून आकार सलग होतील. मग त्याच्या तीन प्रती करून थ्रेशोल्ड साधारण १७०, ११० आणि ६० वर लाव. हे आकडे फोटोगणिक बदलतात, शेवटी डोळ्यांनीच ठरवायचं. पहिलीला फिकट शाई दे, गेरूकडे झुकणारी पिवळी. दुसरीला लाल, तिसरीला गडद निळी. तिन्ही लेयर मल्टिप्लायवर ठेव. शाई शाईवर छापली की खालचा रंग घेऊनच बसते, तसंच ते दिसेल. निळा लालवर पडला की जवळपास काळा होतो, म्हणजे काळी शाई फुकटात मिळाली. फोटोशॉपचे पैसे भरणं जड जात असेल तर हे सगळं जिम्पमध्येही होतं, आणि ते फुकट आहे.

इथवर मशीनचं काम झालं. पुढचं हाताने करायचं, आणि पोस्टर होतं ते इथेच. लॅसो घेऊन एकेक आकार तपास. वरच्या पापणीची सावली ठेव, नाकाची एकच बाजू ठेव, खालच्या ओठाखालची आणि हनुवटीखालची ठेव. नाकाची दुसरी बाजू उजेडात विरघळू दे. बघणाऱ्याचा डोळा ती आपसूक पुरी करतो. दात एकेक रेखाटलेस तर हसरा माणूस राक्षस दिसतो, तिथे कागदाचा एक मोकळा पट्टा पुरे. चश्म्याची वरची कडा ठळक राहिली की खालची नसली तरी चालते. सुरकुत्या सगळ्या ठेवल्यास तर चेहऱ्याचा नकाशा होईल, सगळ्या काढल्यास तर पुन्हा ती अ‍ॅपवाली बाई. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या ठेव, आजी हसते ती तिथून. लुगड्याचे काठ मात्र बारकाईने कर आणि पदराचं बाकी सगळं सपाट सोड, ब्रुआंच्या झग्यासारखं. अधूनमधून चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करून बघ. तेवढ्यात आजी ओळखू आली तर ठीक, नाहीतर अजून काहीतरी जास्तीचं आहे.

मूळ फोटोच सपाट असेल तर यातलं काही चालणार नाही. मोबाइलच्या फ्लॅशने सावल्याच मारून टाकल्या तर थ्रेशोल्ड तरी काय वेगळं करणार? आजीला खिडकीशी बसव, उजेड एका बाजूने येऊ दे, फोनचं ब्युटी मोड बंद कर आणि चार-पाच फुटांवरून झूम करून घे. तोंडापाशी फोन नेलास की नाक फुगतं.

ठिपक्यांची जाळी काढून टाक. लोत्रेकच्या पद्धतीच्या पोस्टरात तसे ओळीने बसवलेले ठिपके नसतातच; दगडावर खडूचा दाणा दिसतो किंवा ब्रशने उडवलेले शिंतोडे. तो तर दाताच्या ब्रशने शाई उडवायचा. तूही काळ्या शाईने कागदावर शिंतोडे मार, स्कॅन कर, सावलीच्या कडेला वापर. आणि ते रंग मुद्दाम सरकवणं! रजिस्टर, म्हणजे रंगावर रंग बसायची जागा, हलू नये म्हणून आम्ही भिंग लावून जन्मभर डोळे फोडले, आणि तुमच्या ट्युटोरियलमध्ये तीच चूक हौसेने शिकवतात. घालायचीच असेल तर एका रंगात अगदी केसभर घाल. तुझ्या फाइलीत लाल इतका सरकलाय की आमच्या फोरमनने सगळा लॉट रद्दीत टाकला असता.

खालची अक्षरं फाँटमधून घेऊ नकोस. जुन्या पोस्टरांची देवनागरी ब्रशने काढलेली असायची, तिच्यात शिरोरेषासुद्धा चित्राच्या अंगाने जाते. तुझं अक्षर चांगलं आहे. चपट्या ब्रशने आजीचं नाव दहा-वीसदा लिही, त्यातलं एक घे. अगदीच नाही जमलं तर 'एक टाइप'चा बलू आहे, फुकट आणि बरा जाडजूड.

पैसे घेऊन कामं करतेस म्हणून एक कायद्याचं. चे गव्हेराचं ते लाल-काळं पोस्टर तुझ्या खोलीत आहे ना? आल्बेर्तो कोर्दाने ५ मार्च १९६० ला हवानात एका शोकसभेत काढलेल्या फोटोवरून जिम फिट्झपॅट्रिक या आयरिश चित्रकाराने १९६८ मध्ये ते केलं. मूळ फोटोत एका कडेला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा होता आणि दुसऱ्या कडेला झाडाच्या झावळ्या. त्या दोन्ही आधीच छाटल्या गेल्या. वगळणं काय असतं हे त्यातून शीक. पण शेपर्ड फेअरीचं २००८ चं ओबामांचं 'होप' पोस्टरही लक्षात ठेव. ते असोसिएटेड प्रेससाठी मॅनी गार्सियाने २००६ मध्ये काढलेल्या फोटोवरून केलेलं. कोर्टकज्जा झाला, आणि नेमका कुठला फोटो वापरला हे लपवायला फेअरीने पुरावे नष्ट केले, खोटे तयार केले. वृत्तसंस्थेशी २०११ मध्ये तडजोड झाली, तरी पुरावे दडवल्याबद्दल २०१२ मध्ये त्याला २५,००० डॉलर दंड आणि दोन वर्षांचं प्रोबेशन झालं. तेव्हा गिऱ्हाईक नेटवरून उचललेला कुणा नटाचा फोटो घेऊन आलं तर फोटो कुणाचा हे आधी विचार, आणि लेखी परवानगी नसेल तर काम घेऊ नकोस. घरचे, स्वतः काढलेले फोटो पुष्कळ आहेत.

नवी फाइल ए३ आकाराची, ३०० डीपीआयची कर, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. सीएमवायके करून बघ, स्क्रीनवरचा लाल कागदावर उतरेल का ते आधीच कळेल. आणि मला फाइल नको, मॅट कागदावर प्रिंट काढून कुरियरने पाठव. रंगाबद्दल काय बोलायचं ते मी कागद हातात आल्यावरच बोलेन.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा