मुलांचा ई-अंक काढणाऱ्यांसाठी

प्राथमिक शाळेतील मुलास लिहिते करावयाचे असेल, तर त्याचा मजकूर छापून चार वाचकांपुढे ठेवावा, हा विचार संगणकाबरोबर जन्मलेला नव्हे. दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या गावच्या शाळेत सेलेस्ताँ फ्रेने या शिक्षकाने १९२४ मध्ये हातछपाईचे लहानसे यंत्र आणले. मुले स्वतः खिळे जुळवून आपले अनुभव छापू लागली, आणि पुढे तो मजकूर दूर ब्रिटनीतील शाळेकडे टपालाने जाऊन तिकडचा मजकूर इकडे येऊ लागला, तेव्हा लेखनास खरा वाचक लाभला.

जिल्हा परिषदेच्या ज्या शाळेत मी शिकवीत होतो, तेथील ई-अंकात नेमका हा वाचकच राहून गेला. वरून हुकूम आला, मुदत अल्प होती. साहजिकच आरंभीची पाने मान्यवरांच्या शुभसंदेशांनी व छायाचित्रांनी व्यापली, उरलेल्या जागेत हुशार म्हणून गणलेल्या मुलांचेच लेख आले, आणि तेही संपादनात इतके अलंकृत झाले की, ‘आमच्या शेळीचं करडू मेलं, मी जेवलो नाही’ असे लिहिणाऱ्या मुलाच्या नावाखाली भूतदयेवरील प्रवचन छापून आले. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर अंगठ्यांची रांग लागली. परंतु त्या मुलाने पान पाहून ‘हे मी नाही लिहिलं’ एवढेच म्हटले, आणि पुढील अंकासाठी मुलांनी दिले ते पुस्तकातून उतरविलेले निबंध.

म्हणून या कामात पडणाऱ्यांस काही गोष्टी सुचवितो. ऱ्हस्वदीर्घ सुधारावे, पण मुलाला शेजारी बसवून. त्याचा शब्द आणि त्याची बोली मात्र जशीच्या तशी राहू द्यावी. ज्याचा हात मंद चालतो, त्यास मोबाइलवर बोलून मजकूर उतरविण्याची मुभा असावी. मात्र यंत्र बोलीतील शब्द हमखास चुकीचे ऐकते, तेव्हा उतरलेले त्या मुलाकडून वाचून घ्यावे. मजकूर युनिकोडमध्येच टंकावा, कारण जुन्या फाँटमधील फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांची निरर्थक चिन्हे होतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळणीयोग्य संमतीचे तत्त्व घालून दिले आहे. यास्तव पालकांची लेखी संमती दप्तरी ठेवावी, आडनाव, पत्ता व छायाचित्र वगळावे, आणि घरातले कर्ज, व्यसन वा भांडण मुलाने निरागसपणे लिहिले असेल, तर ते कौतुकाने वाचून त्याच्या वहीतच राहू द्यावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अंक दुसऱ्या एखाद्या शाळेच्या त्याच इयत्तेस पाठवावा व तेथील मुलांची उत्तरे मागवावीत. शिक्षकबंधुभगिनींनो, अंकाची तारीख मुक्रर करण्यापूर्वी तो कोण वाचणार आणि मुलाला उत्तर कोण लिहिणार, एवढे आधी ठरवा.