तेल अवीवमधली जर्मन कौलं

प्रश्न : मुलाकडे तेल अवीवला गेले होते. तिथे काचेच्या उंच इमारतींच्या मधोमध लाल कौलांची, लाकडी झडपांच्या खिडक्यांची बैठी घरं दिसली. ‘सारोना, जर्मन लोकांचं जुनं गाव’ एवढंच मुलगा सांगू शकला. ज्यूंच्या देशात जर्मन शेतकऱ्यांचं गाव आलं कुठून आणि ते लोक गेले कुठे? – एक वाचक, ठाणे

उत्तर : हे गाव वसलं तेव्हा ना इस्रायल देश होता, ना तेल अवीव शहर. तो मुलूख तुर्कांच्या उस्मानी साम्राज्यात होता. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बेर्गमध्ये क्रिस्टोफ होफमान या धर्मोपदेशकाभोवती एक पंथ उभा राहिला. देवाचं राज्य यायला हवं असेल तर श्रद्धावानांनी पवित्र भूमीत, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये जाऊन कष्टाचं, सचोटीचं जीवन जगावं, असं ही मंडळी मानत. अधिकृत चर्चशी त्यांचं फाटलं आणि १८६१ मध्ये त्यांनी ‘टेम्पल सोसायटी’ स्थापन केली. यांनाही टेम्पलर म्हणतात, पण मध्ययुगातल्या धर्मयुद्धांतल्या टेम्पलर सरदारांशी यांचा काही संबंध नाही.

१८६८ मध्ये ते हैफाला उतरले, पुढच्या वर्षी जाफाला आले आणि १८७१ मध्ये जाफाच्या उत्तरेला ग्रीक मठाकडून जमीन विकत घेऊन त्यांनी सारोना वसवलं. खास शेतीसाठी वसवलेलं त्यांचं हे पहिलं गाव. सुरुवात भयंकर झाली. शेजारी दलदल, त्यात डासांचं रान. १८७२ या एका वर्षात १२५ पैकी २८ माणसं हिवतापाने दगावली. तरी गाव उठलं नाही. दलदलीचं पाणी शोषून घ्यावं म्हणून त्यांनी निलगिरीची तेराशे झाडं लावली. द्राक्षमळे धरले, दारू गाळायचा कारखाना काढला, मोसंबी-संत्र्यांच्या बागा फुलवल्या, दुभती जनावरं पाळली. १८८९ पर्यंत गावात ४१ घरं आणि २६९ माणसं झाली होती. तेल अवीवचा पाया त्यानंतर वीस वर्षांनी, १९०९ मध्ये घातला गेला. पुढे या शेजारच्या शहराला दूध-भाजी सारोनातूनही जाऊ लागली.

ही माणसं तिथेच जन्मली-वाढली, पण जर्मन नागरिकत्व त्यांनी सोडलं नाही. हीच गोष्ट त्यांच्या मुळावर आली. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी पॅलेस्टाइन घेतलं आणि १९१८ मध्ये त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना शत्रूराष्ट्राचे नागरिक म्हणून इजिप्तमध्ये कैरोजवळच्या हेलवानला नेऊन ठेवलं. १९२० नंतर ते परतले आणि मोडलेला संसार त्यांनी पुन्हा उभा केला.

दुसऱ्या वेळी मात्र परतणं झालं नाही, आणि यात सगळा दोष नशिबाचा म्हणता येत नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर पॅलेस्टाइनमधल्या जर्मन वस्त्यांमध्ये नाझी पक्षाच्या शाखा निघाल्या. सगळेच नाझी झाले नाहीत, पण बरेच झाले. स्वस्तिकाचे झेंडेही फडकले. तेही जर्मनीतून जीव वाचवून आलेले ज्यू शेजारच्या शहरात आसरा घेत असताना! ही कटुता पुढे कधीच गेली नाही.

१९३९ मध्ये युद्ध पेटताच इंग्रजांनी सारोनाभोवती काटेरी तारा ओढल्या आणि गावाचीच छावणी केली. शत्रूराष्ट्राच्या नागरिकांना असं डांबण्याचं धोरण त्यांनी आपल्याकडेही राबवलं. त्या काळात काही जर्मन कुटुंबं पुरंदर किल्ल्यावर ठेवलेली होती. १९४१ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या साडेसहाशेहून अधिक जर्मनांना ‘क्वीन एलिझाबेथ’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला पाठवलं आणि व्हिक्टोरिया प्रांतातल्या टाटुरा इथल्या छावणीत ठेवलं. काहींची जर्मनांच्या ताब्यातल्या ज्यूंशी अदलाबदल झाली. जुलै १९४४ मध्ये बेर्गेन-बेल्झेन छळछावणीतले २२२ ज्यू अशाच अदलाबदलीतून जिवंत पॅलेस्टाइनला पोहोचले. उरल्यासुरल्यांच्या मनातली परतीची आशा मार्च १९४६ मध्ये संपली. सारोनाचे प्रमुख गोटहिल्फ वाग्नर यांना ज्यू भूमिगत संघटनेच्या माणसांनी भररस्त्यात गोळ्या घातल्या.

इंग्रजांनी १९४७ च्या अखेरीस सारोना सोडलं. १९४८ मध्ये इस्रायल जन्माला आलं, तेव्हा नव्या सरकारला कचेऱ्यांसाठी जागा हवी होती. सारोनाची भक्कम घरं आयतीच रिकामी होती. तिथे खाती थाटली गेली, म्हणूनच ती घरं इतकी वर्षं टिकली. जुन्या गावाच्या एका भागात आजही इस्रायली सैन्याचं मुख्यालय आहे. गमावलेल्या मालमत्तेपोटी इस्रायलने १९६२ मध्ये ५ कोटी ४० लाख मार्क भरपाई दिली.

पुढे ही घरं पाडायची की राखायची, यावर बराच वाद झाला. शेवटी ३७ इमारती राखल्या गेल्या. काप्लान रस्ता रुंद करताना आड येणारी पाच घरं पाडली नाहीत. पायापासून उचलून अख्खीच्या अख्खी मागे सरकवली. आता तिथे उपाहारगृहं आणि दुकानं आहेत.

राहिला प्रश्न माणसांचा. ऑस्ट्रेलियाला पाठवलेल्यांपैकी बहुतेकजण युद्धानंतर तिथेच स्थायिक झाले. त्यांचा पंथ आजही चालू आहे. त्याची एक शाखा जर्मनीत स्टुटगार्टला आहे, दुसरी ऑस्ट्रेलियात मेलबर्न परिसरात. ज्या भूमीसाठी पूर्वजांनी घरदार सोडलं, तिथे मात्र त्यांचं एकही गाव उरलेलं नाही.