छातीत कळ आली तर बोट कधी वळवायची?

जेटीवर आपण डिझेल, बर्फ, इंजिन, दर या सगळ्यावर तासन्‌तास बोलतो. हार्ट ॲटॅकवर मात्र कुणाला झाला की चार दिवस बोलतो आणि विसरतो. म्हणून हा धडा. बोटमालकांनी वाचावाच, पण घरच्या बायकांनी आधी वाचावा, कारण आपले पुरुष असलं काही अंगावरच काढतात.

पहिली गोष्ट, नेमकं होतं काय? हृदयाला रक्त पुरवणारी नळी आतून चरबीने अरुंद झालेली असते. एक दिवस तिथे रक्ताची गुठळी अडकते आणि पुढचं रक्त बंद. ज्या भागाला रक्त मिळत नाही तो मरायला लागतो आणि मेलेला स्नायू परत उगवत नाही. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते कळ आली तेव्हा, इस्पितळाच्या दारात पोचलो तेव्हा नव्हे. शहरातला माणूस अर्ध्या तासात दवाखान्यात असतो. आपला तांडेल त्या वेळी किनाऱ्यापासून तीन-चार तास लांब असतो, जाळं पाण्यात असतं आणि मालकाला काय सांगू हा विचार डोक्यात असतो.

आणि तो म्हणतो, "गॅस झाला असेल." मग सोडा पितो, ओवा चावतो, पाठीला बाम चोळून घेतो. जाळं ओढून खांदा भरणं आपल्याला रोजचंच, त्यामुळे फसगत जास्त होते. फरक असा ओळखा: खांदा भरला असेल तर हात हलवल्यावर किंवा दाबल्यावर दुखणं कमी-जास्त होतं. हृदयाची कळ हात हलवून बदलत नाही. छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटतं, ते डाव्या हातात, जबड्यात, पाठीत उतरतं, थंड घाम सुटतो, मळमळतं, श्वास पुरत नाही. मधुमेहवाल्यांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती दमछाक आणि घाम. दहा-पंधरा मिनिटं बसूनही हे कमी होत नसेल तर जाळं कापावं लागलं तरी कापा आणि बोट वळवा. जाळं परत घेता येतं.

बोटीवर त्याला पाठ टेकवून बसवा, चालू देऊ नका, दोर ओढू देऊ नका. ॲस्पिरिनची ३०० ची गोळी असेल, तिची ॲलर्जी नसेल आणि पोटात रक्तस्राव होणारा अल्सर नसेल, तर ती चावून खायला द्या, नुसती गिळू नका. जिभेखालची गोळी दुसऱ्याची घेऊन देऊ नका. बीपी आधीच खाली असेल तर माणूस कोसळतो. व्हीएचएफ चॅनेल १६ वर कळवा. तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर १५५४. मोबाईलला रेंज आली की त्याच क्षणी १०८ लावा आणि कुठल्या जेटीवर किती वाजता लागणार ते सांगा. बोट लागल्यावर ॲम्ब्युलन्स बोलावणं म्हणजे अर्धा तास फुकट घालवणं. जेटीवर खुर्ची तयार ठेवा. शिडी त्याला स्वतः चढू देऊ नका आणि स्कूटरवर मागे बसवून तर अजिबात नेऊ नका.

आता न्यायचं कुठे? आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं की हृदयाचं म्हणजे थेट बांबोळी, गोमेकॉ. मालीमवरून ते बरोबरच आहे, जवळच आहे. पण तळपणच्या माणसासाठी बांबोळी ६० किलोमीटरच्या वर. तेवढा वेळ वाया घालवायची गरज नाही. गोव्यात ‘स्टेमी गोवा’ ही सरकारी योजना चालू आहे. स्टेमी म्हणजे नळी पूर्ण बंद पडलेला हार्ट ॲटॅक. तिचं मुख्य केंद्र गोमेकॉ, आणि म्हापसा-मडगावची जिल्हा इस्पितळं, तालुक्यांतली आरोग्य केंद्रं तिला जोडलेली. तिथे ईसीजी काढतात, तो लगेच तज्ज्ञाकडे जातो, आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच मोफत मिळतं. मग रुग्णाला पुढे गोमेकॉला नेतात, नळी उघडायला. म्हणून तळपणहून काणकोण, कुटबणहून मडगाव, खारेवाड्यावरून चिखली, शापोऱ्याहून म्हापसा. शंका असेल तर १०८ वाले सांगतील तिकडे जा. ईसीजी नसलेल्या दवाखान्यात थांबून राहू नका.

एक गोष्ट आवर्जून. गावच्या दवाखान्यात "डॉक्टर, गॅसचं इंजेक्शन मारा" असं आपणच मागतो. कमरेत किंवा दंडात मारलेलं इंजेक्शन नंतर गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या वेळी घात करू शकतं, स्नायूत रक्तस्राव होतो. छातीत दुखत असताना ते मागू नका. त्या औषधाआधी डॉक्टर विचारतील: अलीकडे ऑपरेशन, डोक्याला मार, पक्षाघात? सगळं खरं सांगा. आणि पहिला ईसीजी चांगला आला म्हणून घरी यायची घाई करू नका. सुरुवातीला तो साफ दिसू शकतो. रक्ताची तपासणीही काही तासांनी परत करावी लागते.

पक्षाघातालाही असंच घड्याळ आहे. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड झालं की साडेचार तासांच्या आत सीटी स्कॅन होऊन इंजेक्शन मिळालं पाहिजे. मालिश करणाऱ्याकडे नंतर जा.

खर्चाचं. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड पाच वर्षं गोव्यात राहणाऱ्यांना मिळतं: तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. कार्डाचं नूतनीकरण झालंय का ते आजच बघा. झारखंड-ओडिशाच्या खलाशांना हे कार्ड नाही, त्यांच्याकडे गावचं आयुष्मान कार्ड असेल तर त्याची प्रत बोटीवर ठेवा. मच्छीमारांचा अपघात विमा मृत्यूला पाच लाख देतो, पण तो अपघाताचा आहे, हार्ट ॲटॅकचा नव्हे. हे पुष्कळांना दावा करताना कळतं.

स्टेंट बसलेले आपल्यात आता बरेच आहेत. त्यांना रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात. आठ-दहा दिवसांच्या फेरीत गोळ्या भिजल्या, संपल्या, "बरं वाटतंय" म्हणून सोडल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होते आणि ती पहिल्यापेक्षा वाईट. फेरीच्या दिवसांपेक्षा पाच दिवस जास्तीच्या गोळ्या प्लास्टिकच्या डब्यात, केबिनमध्ये ठेवा. सुरी लागली किंवा काटा घुसला तर रक्त थांबायला वेळ लागेल, फडकं दहा मिनिटं न उचलता दाबून धरा. दात काढायचा असला तरी गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, आधी हृदयाच्या डॉक्टरला विचारायचं. बीपी आणि साखर बघायला जून-जुलैची बंदी चांगली, जवळच्या आरोग्य केंद्रात होतं. आणि कुणाला कुठली गोळी चालू आहे, कुठली सोसत नाही, हे तांडेलने एका वहीत लिहून ठेवावं. बेशुद्ध माणूस डॉक्टरला काही सांगू शकत नाही.